आठ पिंपं, एक कपाट

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी दूध उतू गेले. धाकटा कालपासून इथेच आहे. कपाटाचे दार लागत नव्हते. सुताराकडे न्यायचे दोन वर्षे राहून गेले होते, ते आज नेले. वह्या काढून पलंगावर ठेवल्या. कपाट सहा फूट दोन इंच, गाडीत उभे बसेना, म्हणून आडवे ठेवले, खाली निळी चादर. धाकट्याच्याच गाडीने नेले, सकाळी दहाला. सुताराने रंधा मारून पाचला परत दिले. दार आता लागते. चादर धुवायला टाकली. धाकटा उद्या सकाळी जाणार.

या वहीतल्या धाकट्याला ट्रकवाल्यांमध्ये सगळे ‘सावकाश’ म्हणत. एकतीस वर्षं तो गाडी चालवत होता आणि एकतीस वर्षांत त्याने कुणाला मागे टाकल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. “सावकाशला सकाळी सोडलं की माल पोचेपर्यंत कारखान्याचा मालक बदलतो,” असं कंपनीतले लोक म्हणायचे आणि तोही हसायचा. पण घातक कचऱ्याची गाडी द्यायची वेळ आली तेव्हा कंपनीने त्यालाच बोलावलं. कारखान्यांतून निघणारा रंगाचा गाळ, जुनं ॲसिड, तेलकट चिंध्या असला माल पिंपांत भरून जाळायच्या भट्टीवर पोचवायचा, हे काम घाईच्या माणसाचं नव्हेच. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो त्याने दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा मिळवला होता. गेली अकरा वर्षं तो परवाना शर्टाच्या खिशात, हृदयाच्या बाजूला. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

गाडी त्याला कळायची. कागद कळत नसत. चार रंगांची चार पानं असलेलं मालाचं चलान समोर आलं की त्याच्या डोक्याला मुंग्या यायच्या. पांढरं कारखान्याचं, पिवळं आपलं, गुलाबी भट्टीवाल्यांचं, हिरवं सरकारचं, हे तो मनातल्या मनात कवितेसारखं म्हणायचा आणि तरी ऐन वेळी गुलाबी पान पुढे करायचा.

कळत नसत म्हणून तो कागदांना जास्तच जपायचा. त्याला कारण होतं. तो सात वर्षांचा असताना आई गेली. त्याच आठवड्यात त्याने चूल पेटवायला हाताशी आलेला कागद घेतला, आणि तो नेमका आईच्या इस्पितळाचा होता. त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठ्या ताईने तेव्हा त्याला एक थोबाडीत दिली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची. “लिहिलेला कागद टाकायचा नाही,” एवढंच ती म्हणाली. सिस्टरांच्या शाळेत शिकलेली ताई, रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी वही काढून तिरप्या, मोत्यासारख्या अक्षरात दिवसाची नोंद करणारी. लग्नाच्या दिवशीही केली, नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला त्या दिवशीही केली. तिने सांगितलं ते याने पन्नास वर्षं पाळलं. त्याच्या ट्रकच्या दारातल्या कप्प्यात पोचवून झालेल्या मालाची जुनी चलानं गच्च भरलेली असत, आणि चालू फेरीचं चलान मळू नये म्हणून तो ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा सीटमागच्या गादीखाली सरकवून द्यायचा.

नियम बरोबर उलटा होता, हे त्याला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि तेव्हा तो गुलाबी-पिवळ्यात अडकलेला असेल.

वीस फेब्रुवारीला तपासणी नाक्यावर त्याची गाडी बाजूला घ्यायला लावली. तपासनीस तरुण होता, इस्त्रीचा गणवेश, हातात पुठ्ठ्याला लावलेला तक्ता. त्याने चालकाच्या बाजूचं दार उघडलं, कप्प्यात हात घातला आणि वरचा कागद बाहेर ओढला.

“दहा पिंपं. ॲसिड,” त्याने वाचलं, आणि पाठीमागे वळून ओरडला, “ॲसिड आहे रे!”

नाक्यावरची चारही माणसं दहा पावलं मागे गेली. एकाने तोंडाला रुमाल बांधला. चहाटपरीवाला किटली घेऊन पळाला. सावकाश मध्यभागी उभा.

“साहेब, ॲसिड नाही हो. रंगाचा गाळ आहे. आठ पिंपं.”

“कागद काय म्हणतो?”

“तो कागद जानेवारीतला.”

“मग जानेवारीतला कागद इथे काय करतोय?”

“टाकवत नाही, साहेब.”

तपासनिसाने त्याच्याकडे बघितलं, जसं डॉक्टर जीभ बघतो तसं. मग पत्र्याचा डबा निघाला, त्यातून खरं चलान निघालं, पिंपं मोजली गेली, आठ भरली, गाळच निघाला. माणसं पुढे आली, किटलीही आली. तिथेच सगळं मिटलं असतं. पण तपासनिसाचं बोट चलानावरच्या तारखेवर थांबलं.

“अठरा तारखेला माल निघाला असं लिहिलंय. कारखाना इथून दीड तासावर. आज वीस. दोन दिवस कुठे होता?”

आता सावकाशला एकच प्रश्न एका वेळी झेपायचा, आणि ‘कुठे होता’ म्हटल्यावर त्याला स्वतःचंच आठवलं. “बहिणीच्या घरी,” तो म्हणाला. “घरासमोर मैदान आहे, तिथे गाडी लावली होती.”

तपासनिसाने ते लिहून घेतलं. शब्द न् शब्द.

तीन आठवड्यांनी घरी नोटीस आली. बायकोने चष्मा लावून वाचून दाखवली. चालू चलान हाताशी ठेवलं नाही. जुनं चलान दारात ठेवून दिशाभूल केली. आणि तिसरं, चालकाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार घातक माल दोन दिवस वस्तीत, बहिणीच्या घरासमोर उभा ठेवला. गुरुवारी दुपारी बारा वाजता सुनावणी. समाधानकारक खुलासा न झाल्यास परवाना कायमचा रद्द.

“तुम्ही विषाची पिंपं ताईंच्या दारात ठेवली होतीत?” बायकोने विचारलं.

“नाही!” तो म्हणाला. मग थांबून, “नसणार.”

“नसणार म्हणजे? सरळ सांगा ना काय झालं ते.”

“तेच तर मला कळत नाहीये.”

आणि खरंच कळत नव्हतं. त्याच्या आठवणीत सगळे दिवस एका दोरीवरच्या कपड्यांसारखे वाळत पडलेले असत, कुठला कुणाचा ते काढल्याशिवाय समजायचं नाही. कारखान्यात गेला होता हे आठवत होतं. चलान हातात घेतलं होतं. ताईकडे जेवला होता. पण पिंपं चढवली ती जेवणाआधी की नंतर? छापील कागद अठरा म्हणतोय, सरकार अठरा म्हणतंय, मग आपणच चुकत असू. रात्रभर त्याला ताईच्या दारात आठ पिंपं ओळीने उभी दिसत राहिली.

मंगळवारी सकाळी तो कंपनीत गेला. कंपनीचा कारकून टेबलावर बसून कागदांवर शिक्के मारत होता. तो इतके शिक्के मारायचा की त्याचं नावच ‘शिक्का’ पडलं होतं. त्याने नोटीस वाचली आणि कारखान्यात फोन लावला.

फोन ठेवल्यावर म्हणाला, “गोदामवाला म्हणतो, कागदावर तारीख आहे तीच तारीख. फाटकावरच्या वहीत तुमची अठराची नोंद आहे. विसाची नाही.”

“फाटकवाला ओळखतो मला. हात हलवून आत सोडलं असेल.”

“असेल?”

“नक्की असेल.”

शिक्का हसला. “सावकाशराव, असेल-नसेलवर परवाना मिळत नाही. अहो, अठराला तुम्ही मला फोन केला होता, काहीतरी झाकणांचं म्हणत होतात. मीच म्हणालो, रिकामी गाडी परत आणून डिझेल कशाला जाळता, तिकडेच थांबा.”

“रिकामी?” सावकाश खुर्चीवरून उठलाच. “रिकामी म्हणालात?”

“म्हणालो असेन. रोज तीस फोन येतात. शपथेवर विचाराल तर मला आठवत नाही.”

पण ‘झाकणं’ या शब्दाने त्याच्या डोक्यातली एक खिडकी उघडली. पिंपांच्या झाकणांच्या पट्ट्या आल्या नव्हत्या! गोदामवाला म्हणाला होता, माल परवा देतो, पण आमचे साहेब सह्या फक्त मंगळवारी करतात, कागद आजच घेऊन जा. म्हणजे कागद मंगळवारचा, माल गुरुवारचा. दोन दिवस त्याच्याजवळ माल नसलेला कागद होता, आणि सरकारला वाटत होतं माल होता. त्याला हायसं वाटलं. आणि लगेच भीती वाटली, कारण हे त्याच्याशिवाय कुणीच सांगणार नव्हतं, आणि त्याने तर स्वतःच्या तोंडाने भलतंच लिहून दिलं होतं.

“साक्षीदार कोण?” शिक्क्याने विचारलं.

“ताई,” तो म्हणाला. “ताई सगळं लिहिते.”

ताईच्या घरी तो पोचला तेव्हा ती नळाच्या तोटीला चिंधी बांधत होती. त्याने चहा नको म्हटलं, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे तिने ओळखलं. नोटीस तिने दोनदा वाचली. मग कपाट उघडलं. दार आवाज न करता उघडलं. चालू वर्षाची वही काढून तिने अठरा फेब्रुवारीचं पान त्याच्यासमोर धरलं.

‘धाकटा दुपारी तीनला आला. गाडी समोरच्या मैदानात लावली. थकलेला दिसतो. रात्री इथेच जेवला. गुडघ्याला तेल दिले.’

“बस?” तो म्हणाला.

“बस.”

“गाडी रिकामी होती असं नाही लिहिलंस?”

“मला काय ठाऊक रिकामी की भरलेली? मी काय आत जाऊन बघितलं?”

“हे दाखवलं तर संपलोच मी, ताई. हे तर त्यांचंच म्हणणं झालं. गाडी मैदानात.”

“मग पान उलट,” ताई म्हणाली.

त्याने उलटलं, आणि कपाटाची हकिकत वाचली. ओठ हलवत, एकेक शब्द. सहा फूट दोन इंच. आडवे ठेवले. तो एकदम हसायला लागला. गाडीची पेटी दहा फूट लांब, पाच फूट रुंद. दोन-दोन फुटांची आठ पिंपं चारच्या दोन रांगांत उभी केली की शेजारी फूटभर जागा उरते आणि टोकाला दोन फूट. सहा फुटांचं कपाट तिथे आडवं घालायचं तर पिंपं डोक्यावर घ्यावी लागतील.

“रिकामी होती!” त्याने टेबलावर हात आपटला. “कपाट मावलं म्हणजे गाडी रिकामी होती!”

“होतीच,” ताई म्हणाली. “पण बाळा, घातक मालाच्या गाडीत कपाट नेलेलं चालतं का रे?”

तो हसायचा थांबला. चालत नव्हतं. हे त्याला माहीत होतं, कारण परीक्षेतला तो एकच प्रश्न त्याला तिन्ही वेळा आला होता. त्या गाडीत घरगुती सामान न्यायचं नाही, कधीही नाही, रिकामी असतानाही नाही. त्या दिवशी ताई म्हणाली, दार लागत नाही, आणि गाडी समोर उभी होती, आणि बहिणीचं काम म्हणजे त्याच्या डोक्यात नियम-बियम काही आलंच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वही दाखवली तर कपाट, नाही दाखवली तर पिंपं.

“कोणता गुन्हा लहान?” त्याने विचारलं.

“ते मला कसं ठाऊक असणार?”

संध्याकाळी त्याने शिक्क्याला फोन केला. शिक्का म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण कशाला? कपाटाचं पान विसरा. अठराच्या पानावर ‘दुपारी तीनला आला’ नंतर जागा आहे का थोडी?”

“आहे. ताई ओळींत जागा सोडते.”

“मग झालं की! तीन शब्द. ‘गाडी रिकामी होती.’ त्याच शाईने. आणि खोटं थोडंच आहे? रिकामी होतीच.”

सावकाशला हे अगदी बरोबर वाटलं. त्यात खोटं कुठे होतं ते शोधूनही सापडेना. बुधवारी सकाळी तो पुन्हा ताईकडे गेला आणि सगळं समजावून सांगितलं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“नाही,” ती म्हणाली.

“अगं पण खरं आहे ते!”

“खरं आहे. पण त्या दिवशी लिहिलं नव्हतं.”

“त्याने काय बिघडतं?”

“गोदामवाल्याने काय केलं? गुरुवारचा माल मंगळवारी लिहिला. तुझा माल जाणारच होता की, खोटं थोडंच होतं? बघ तुझं काय झालं ते.”

त्याचा आवाज चढला, ताईसमोर कधी चढत नसे तसा. “तुझ्या कपाटापायी माझा परवाना चाललाय, कळतंय का तुला? तीन शब्द मागतोय. बावन्न वर्षांच्या वह्यांत तीन शब्द!”

ताईने चष्मा काढून टेबलावरच्या फडक्याने पुसला. “कपाट मीच न्यायला सांगितलं, हे खरंय,” ती म्हणाली. “म्हणून वही तुझ्या हातात देते. दाखव नाहीतर दाखवू नकोस. पण दाखवशील तर आहे तशी. त्यात मी लिहिणार नाही, आणि तुझं अक्षर ते लोक ओळखतील. गुंडाळलेल्या दोरीसारखं आहे.”

जाताना त्याने विचारलं, “तू येशील ना उद्या?”

“येईन की. माझ्याच कपाटाची केस आहे.”

सुनावणीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेर एकमेकींना जखडलेल्या लोखंडी खुर्च्या, एक हलली की सगळ्या हलायच्या. सावकाशच्या मांडीवर बिस्किटांचा डबा होता आणि डब्यात वही. ताईने निळा कोट घातला होता, आणि कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखी ताठ बसली होती.

“काय करणार आहेस?” तिने विचारलं.

“ठरवलं नाही.”

“बारा वाजायला चार मिनिटं आहेत.”

“मग चार मिनिटांत ठरेल.”

ठरलं नाही. आत बोलावलं तेव्हाही ठरलेलं नव्हतं. टेबलापलीकडे अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, समोर त्याची फाइल. पहिल्या दोन गोष्टींबद्दल त्यांनी विचारलं, त्याने डोकं हलवून हो म्हटलं. मग त्या तिसऱ्या कलमावर आल्या.

“माल दोन दिवस बहिणीच्या घरासमोर होता. हे तुमचं विधान.”

“माझं आहे, पण तसं नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे कसं?”

त्याने सांगायला सुरुवात केली. झाकणांच्या पट्ट्या, मंगळवारच्या सह्या, डिझेल, गुडघा. मध्येच मागे गेला, मध्येच पुढे. मॅडमनी दोनदा थांबवून विचारलं, हे कुठल्या दिवशी? दोन्ही वेळा त्याने वेगवेगळा वार सांगितला. त्याचं त्यालाच कळत होतं की ऐकणाऱ्याला हे थापेसारखं वाटतंय, आणि जितकं खरं सांगावं तितकं ते अधिक खोटं वाटत चाललंय.

“पुरावा काही?” त्यांनी विचारलं.

त्याचा हात डब्याच्या झाकणावर होता. मागच्या खुर्चीवर ताई बसली होती. डबा न उघडता ‘नाही’ म्हटलं तर पिंपं ताईच्या दारात कायमची उभी राहणार, फाइलमध्ये, शिक्क्यानिशी, आणि मग कधीकाळी कुणी वाचलं तर वाचणारा म्हणणार, काय माणूस, सख्ख्या बहिणीच्या दारात विष ठेवलं. परवान्यापेक्षा त्याला तेच सहन होईना. त्याने झाकण उघडलं आणि वही टेबलावर ठेवली.

“अठराचं पान वाचा, मॅडम,” तो म्हणाला. “आणि मग एकोणीसचं. एकोणीसमध्ये अजून एक गुन्हा आहे. तोही माझाच.”

मॅडमनी दोन्ही पानं वाचली. एकोणीसचं दोनदा. मग कोऱ्या कागदावर एक चौकोन काढला, त्यात आठ गोल काढले आणि पेन्सिलीचं टोक उरलेल्या जागेत फिरवत बसल्या.

“कपाट रुंद किती?” त्यांनी विचारलं.

“साडेतीन फूट,” मागून ताई म्हणाली. “खोल दीड.”

“वही तुमची?”

“हो.”

“अशी रोज लिहिता?”

“रोज.”

मॅडमनी मागची पानं चाळली, पुढची चाळली. अक्षर सगळीकडे तेच, ओळींमधलं अंतर तेच, कुठे खाडाखोड नाही, कुठे काही कोंबलेलं नाही. मग विचारलं, “कपाटाचं सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलं नसतं. माहीत आहे ना?”

“कपाटाचं सांगितलं नसतं तर गाडी रिकामी होती हेही कळलं नसतं,” सावकाश म्हणाला. मग पुटपुटला, “मला स्वतःलासुद्धा.”

मॅडम हसल्या नाहीत. पण पेन्सिल खाली ठेवली. “दारातल्या कप्प्यात चालू चलान का ठेवायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलंय?”

“तपासायला सोपं जावं म्हणून.”

“आमच्यासाठी नाही. तुमची गाडी उलटली, तुम्ही आत बेशुद्ध पडलात, तर आग विझवणारा माणूस आधी त्या कप्प्यात हात घालतो. आत काय आहे हे तुम्ही तेव्हा सांगू शकत नाही. त्याला गाळाऐवजी ॲसिडचा कागद मिळाला तर तो भलतंच औषध मारील, कदाचित तुमच्याजवळ येणारच नाही.”

सावकाशला नाक्यावर दहा पावलं मागे गेलेली माणसं आठवली, आणि मध्ये एकटा उभा असलेला आपण. अकरा वर्षं त्याने जपून ठेवलेल्या प्रत्येक कागदाने त्या माणसाला परत पाठवलं असतं.

“म्हणजे जुने कागद टाकायचे?” त्याने विचारलं, आणि न कळत मागे वळून ताईकडे बघितलं.

“कंपनीत जमा करायचे,” मॅडम म्हणाल्या. “टाकायचे नाहीत. गाडीत ठेवायचे नाहीत.”

मग त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं. तिसरं कलम वगळलं. आगाऊ तारखेबद्दल कारखान्याकडे वेगळी विचारणा. पहिली दोन कलमं सिद्ध. घरगुती सामान नेल्याचं नवं कलम, तेही सिद्ध. परवाना रद्द नाही. दोन महिने स्थगित, आणि परत देण्याआधी एक दिवसाचं प्रशिक्षण. सावकाशने खिशातून परवाना काढून टेबलावर ठेवला. खिसा एकदम हलका झाला, त्याला उगाच तिथे हात लावावासा वाटला.

ती दोघं उठली, तेव्हा मॅडमनी वही परत देता देता विचारलं, “त्या गाडीची पेटी कपाट ठेवण्याआधी धुतली होती?”

सावकाशने विचार केला. “झाडली होती.”

“त्याआधी कोणता माल होता?”

“तेलकट चिंध्या. आणि त्याच्या आधी...” तो थांबला. त्याच्या आधी ॲसिडची दहा पिंपं होती.

“आणि ही निळी चादर?” मॅडमनी ताईकडे बघितलं. “धुवायला टाकली असं लिहिलंय.”

“धुतली ना,” ताई म्हणाली. “पलंगावर घातली आहे.”



“ती चादर फेकून द्या,” मॅडम म्हणाल्या. “नुसती नको, दोन पिशव्यांत बांधून. आणि कपाट घराबाहेर काढा. आमचा माणूस बघून जाईपर्यंत आत आणू नका.”

जिना उतरताना सावकाश प्रत्येक पायरीवर थांबत होता. खाली आल्यावर त्याने विचारलं, “ताई, म्हणजे मी सुटलो की अडकलो?”

“दोन्ही,” ताई म्हणाली.

“असं कसं दोन्ही?”

“मला काय विचारतोस? मी तर साक्षीला आले आणि माझंच कपाट आत गेलं.”

त्याने शिक्क्याला फोन करून निकाल सांगितला. शिक्का आधी म्हणाला, “वा!” मग म्हणाला, “अरेरे.” मग म्हणाला, दोन महिने कंपनीच्या फाटकावर बसा, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या वहीत लिहा. सावकाशने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर ज्याला कागद कळले नाहीत त्याला शिक्षा म्हणून वही मिळाली होती, की बक्षीस म्हणून, हे त्याला ठरवता येईना.

दुपारभर दोघांनी मिळून कपाट मागच्या दाराने बाहेर ओढलं. सावकाशने हातमोजे घातले होते, कामावरचे, आणि ताईलाही घालायला लावले. तिच्या हातांत ते कोपरापर्यंत आले. अर्ध्या वाटेत कपाट चौकटीत अडकलं, तेव्हा तो म्हणाला, “जरा सावकाश,” आणि ताई इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. बाहेर काढल्यावर त्याने सवयीने दार लावून बघितलं. छान लागत होतं.

संध्याकाळी तो गेल्यावर तिने दिवा लावला, वही काढली आणि लिहिलं: कपाट मागच्या अंगणात, वर ताडपत्री. निळी चादर दोन पिशव्यांत बांधून बाहेर ठेवली. वह्या तूर्त पलंगाखाली.